किल्ली दाखव

अगं थांब, आधी हे ऐक! आत्ता ताई घरी आलीये, धडधाकट आहे, दोनदा वाढून घेऊन जेवली, म्हणून मी हे हसत सांगतेय.

ताई लढाऊ विमानांच्या रडारची चाचणी करते, माहितीये ना? गोल फिरणारं रडार नाही हां. हे जागचं हलत नाही. एका तबकडीवर हजारभर चिमुकले ट्रान्समीटर, सगळे मिळून झोत पापणी लवायच्या आत हवा तिकडे वळवतात. चाचणी होते मुक्या खोलीत. भिंती, छत, सगळीकडे काळ्या स्पंजचे हातभर सुळके. आवाज गिळतात, लहरीही गिळतात. आत स्वतःच्या मानेतली शीर ऐकू येते म्हणे.

तिथला नियम एकच. आत जाणाऱ्याने बाहेरच्या पॅनेलची किल्ली काढून खिशात ठेवायची. किल्ली नाही तर रडार चालूच होत नाही; चालू झालं तर त्या झोताने आतला माणूस भाजून निघेल. ताईला शिकवणारे मास्तर तर दारात अडवायचे, “किल्ली दाखव.” दाखवल्याशिवाय आत सोडायचे नाहीत. गेल्या वर्षी गेले बिचारे.

आज जेवणानंतर एक ट्रान्समीटर रुसला. ताईने घाईत खिसा चाचपला, किल्ली लागली हाताला, गेली आत. जड दार मागे बंद झालं. तबकडीसमोर उभी राहून तिने पहिला स्क्रू सैल केला...

“किल्ली दाखव.”

अगदी कानाशी. हळू.

ताईला वाटलं, आठवणीतला आवाज असेल. पुन्हा स्क्रूला हात घातला. आता मानेवर श्वास... आणि मास्तरांच्या तपकिरीचा वास.

“किल्ली... दाखव.”

“दाखवते हो!” वैतागून तिने खिशातून किल्ली काढली. स्कूटरची!

पॅनेलची किल्ली पॅनेललाच होती गं! आणि बाहेर तिचा जोडीदार, आम्ही त्याला चष्मिस म्हणतो, जेवून आलेला. किल्ली जागेवर म्हणजे आत कोणी नाही, असं समजून त्याने बटण दाबलेलं. त्याची काय चूक? स्क्रीनवर उलटे आकडे चालू. ताई धडपडत बाहेर पडली, दार लोटलं, तेव्हा तीन उरले होते.

“तू आत होतीस?” चष्मिस पांढराफटक.

“होते. आता नाहीये,” म्हणत ती मटकन खाली बसली. आधी रडली, मग दोघं वेड्यासारखी हसत सुटली.

तोवर रडार चालू झालेलं. रिकाम्या खोलीत त्याला काहीच दिसायला नको. पण स्क्रीनवर एक ठिपका. माणसाएवढा. मघाशी ताई उभी होती, बरोब्बर तिथे.

“बंद कर! आत कोणीतरी आहे!”

चष्मिसने बंद केलं. ताईने या वेळी किल्ली काढली, मुठीत धरून दार उघडलं आणि हात वर केला. “मास्तर, ही बघा.”

आत कोणी नव्हतं. नुसता तपकिरीचा वास, तोही विरत चाललेला. ताई म्हणाली, इतकं हलकं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

मग संध्याकाळी दोघांनी रेकॉर्डिंग पाहिलं. बंद व्हायच्या आधी ठिपका हलला होता. सावकाश, दाराकडे. शेवटच्या क्षणी तो दाराला अगदी चिकटून होता, आतल्या बाजूने. आणि दार तर ताईनेच उघडलं ना?

ती म्हणते, पार्किंगपर्यंत मागे वळून पाहिलं नाही. तू पाहिलं असतंस?