सगळ्यांना सगळ्या किल्ल्या

अम्मानच्या थंड पावसात मी एका काचेच्या दाराबाहेर कुडकुडत उभी होते, आणि आतल्या माणसाने नावसुद्धा न विचारता दार उघडलं.

"अहो, मी कोण ते तरी विचारा!"

"भिजणाऱ्याला ओळखपत्र मागू?"

"चोर असते तर?"

"चोर एवढे शिंकत नाहीत," तो म्हणाला आणि त्याने स्वतःचा रुमाल पुढे केला.

मी नुहा. कंपनीच्या संगणकांत कोणाचा हात कुठवर पोचतो, हे तपासणं माझं काम. थोडक्यात, संशय घेण्याचा मला पगार मिळतो. औषधं पुरवणाऱ्या त्या कंपनीत मी त्यासाठीच आले होते, आणि दार उघडणारा हा कुसय तिथले सगळे संगणक एकटा सांभाळत होता. पहिली चूक मी दारातच पकडली होती. लिहिली मात्र नाही.

कुसयला 'नाही' म्हणता येत नसे. "कुसय हबीबी, माझा प्रिंटर!" की हा धावला. "मिन उयूनी" — माझ्या डोळ्यांतून काढून देतो — असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. म्हणतात आणि विसरतात. हा वेडा खरंच करायचा.

माझ्यासाठी तो रोज वेलचीची कॉफी आणायचा. एकदा त्याने स्वतःचा कप न पिताच खाली ठेवला.

"पीत का नाही?"

"मागणं आहे."

माझे कान तापले. मुलगी मागायला आलेली वडीलधारी मंडळी अशीच कॉफी खाली ठेवतात. होकार मिळेपर्यंत घोट घेत नाहीत.

"काय... मागणं?"

"तो हीटर जरा इकडे सरकवाल?"

"गाढव!" मी म्हटलं. पण हीटर सरकवताना त्याची बोटं माझ्या बोटांवर आली, आणि लगेच हलली नाहीत.

"खरं मागणं तुमचं काम संपल्यावर," तो हळूच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी काम संपलं. कोण कोणत्या संगणकाचा मालक होऊ शकतो, म्हणजे त्यात हवं ते बदलू शकतो, त्याच्या रेघा मी पडद्यावर काढल्या. एरवी चार-दोन रेघा असतात. इथे रेघांनी पडदाच काळा झाला. कुसयने 'सर्व कर्मचारी' हा अख्खा गट प्रत्येक संगणकाचा मालक करून ठेवला होता. कुणी एकाने जरी फसवा मेल उघडला असता, तरी चोराला सगळीकडे रान मोकळं!

"हे काय आहे, कुसय?"

त्याचा चेहरा उतरला. "रमजान... सगळ्यांना इफ्तारला घरी पोचायची घाई. जो तो म्हणे, तुझी वाट बघत बसलो तर रोजा इथेच सुटेल, आमच्या दुरुस्त्या आम्हाला करू दे. म्हटलं, महिन्यापुरतं..."

"आणि ईदनंतर?"

"काढायला गेलो की कुणीतरी म्हणायचं, राहू दे ना."

"आणि तू म्हणालास, मिन उयूनी!"

तो हसला नाही. पहिल्यांदाच मी त्याला 'तू' म्हटलं होतं, तेही अशा वेळी.

"ऐक," मी दार लोटून घेतलं. "तू आत्ता काढून टाक. मी डोळे मिटते."

"डोळे मिटणारी असतीस, तर मला आवडली असतीस का?" तो खाली बघत म्हणाला. "आजारी माणसांची नावं आहेत त्यात, नुहा. कुणी आधीच आत शिरून गेलं असेल तर? लिही."

माझं मन कधीपासून ज्या 'आवडतेस'ची वाट बघत होतं, ते असं आलं. मी लिहिलं, खाली सही केली. वाटलं होतं, कान उपटतील आणि सोडून देतील. पण व्यवस्थापक अबू सख्र यांनी त्याला सरळ घरी पाठवलं. तो निघाला तेव्हा ज्यांच्यासाठी त्याने हे केलं, त्यांच्यातलं एकही माणूस खुर्चीतून उठलं नाही. सगळ्यांना अचानक फार काम आलं होतं.

नंतर मीच त्याला वैबदेच्या टेकडीवरच्या कॅफेत बोलावलं. कॉफी आली. मी माझा कप खाली ठेवला.

"मागणं आहे."

"मुलीकडून?"

"तुझ्याच्याने होईना, म्हणून! बाबांशी मी बोललेय. तुझी मंडळी घेऊन ये."

त्याने नजर खिडकीबाहेर वळवली.

"अम्मान सोडून इर्बिदला चाललोय. भावाच्या मोबाइलच्या दुकानात."

"मग इर्बिदहून ये. बसगाड्या बंद नाही पडल्यात."

त्याला हसू आलं आणि त्याच हसण्यात डोळे भरले. "तू बरोबर केलंस, हे मला कळतं गं. पण तुझ्याकडे बघितलं की मला ती सही दिसते... रोज दिसेल. रोज तू विचारशील, अजून रागावलायस? आणि मी म्हणेन, छे! जन्मभर सगळ्यांना गोडच बोलत आलो, नुहा. तुझ्याशी तरी खोटं बोलायचं नाहीये."

"खोटं तर खोटं... एकदा मिन उयूनी म्हण ना!" मला रडू फुटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत प्रेम नव्हतं असं म्हणता आलं असतं, तर मी आज सुखी असते.

"नाही," तो म्हणाला.

त्याच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं 'नाही'. माझ्यासाठीच ठेवलं होतं त्याने.

तो गेल्यावर म्हातारा वेटर आला. "थंड झाली, बेटी. दुसरी आणू?"

मी नको म्हणून मान हलवली. त्याने माझा कप उचलला आणि भरलेलाच परत नेला.