हौदावर अडलेली वाफगाडी

“अमेरिकेत एकदा गुरांना लाळ्या-खुरकूत झाला आणि मोटारी रस्त्यात अडल्या. आता सांग, गुरांच्या रोगाचा आणि मोटारींचा संबंध काय?”

आबांनी हे कोडं टाकलं ते भिंगरीला एका जागी बसवायला. नातीचं खरं नाव कौमुदी, पण पायाला चाकं लावल्यासारखी ती दिवसभर फिरे, म्हणून सगळं म्हसवड तिला भिंगरीच म्हणे. आज तर तिचा जीव नुसता टांगणीला लागला होता. तिची खिलारी कालवड, चांदणी, मामाबरोबर तालुक्याच्या पार दुसऱ्या टोकाला चारा छावणीत होती, आणि छावणीशेजारच्या गावात लाळ्या-खुरकूत शिरला होता.

लस म्हसवडच्या गुरांच्या दवाखान्यात येऊन पडली होती, पण न्यायची कशी? सूर्यावर मोठं वादळ झालं होतं. त्याच्या तडाख्यात तारांचं जाळं जळून जाऊ नये म्हणून देशभरची वीज बंद ठेवली होती. विजेच्या गाड्या दारादारांत झोपल्या होत्या, पेट्रोल-डिझेलच्या केव्हाच मोडीत निघाल्या होत्या, ड्रोनना वाट सापडत नव्हती. डॉक्टर मोहितेबाईंनी लशीची पेटी भिंगरीच्या हवाली केली आणि बजावलं, की आतला बर्फ संध्याकाळपर्यंतच टिकेल, त्यानंतर ही लस म्हणजे नुसतं पाणी.

चालू होऊ शकेल अशी गाडी गावात एकच होती, आबांची वाफगाडी. आबा उष्णताशास्त्रज्ञ. निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, यांनी सव्वाशे वर्षांहून जुन्या अमेरिकन गाडीच्या धर्तीवर ही गाडी हाताने बांधली. गाव तिला ‘आबांचा बंब’ म्हणून हसे. हसणारेच आज फाटकापाशी गंभीर चेहऱ्यांनी उभे होते.

“आबा, निघायचं कधी?” भिंगरीने पुन्हा विचारलं.

आबांनी करंजतेलाची शेगडी आणखी मोठी केली. बाष्पक (पाणी उकळून वाफ करणारी बंद टाकी) तापल्याशिवाय गाडी हलणार नव्हती. तोवर त्यांनी गोष्ट लावली. अमेरिकेत स्टॅनले नावाचे दोन जुळे भाऊ होते. आधी फोटोच्या काचा बनवायचे, मग वाफेच्या गाड्यांच्या नादी लागले. त्यांच्या गाडीला गिअर नव्हता, खडखडाट नव्हता. त्यांच्या एका गाडीने समुद्रकाठच्या वाळूवर ताशी दोनशे किलोमीटरच्या वर वेग गाठला, तोही १९०६ साली, जेव्हा आपल्याकडे बैलगाडीच खरी गाडी होती.

“पण पाणी गाडीला ढकलतं कसं?” भिंगरी एका पायावर उभी राहून विचारत होती.

“आत्ता तुला एका जागी राहवत नाही ना, तसंच,” आबा म्हणाले. पाण्याचे कण थंड असताना एकमेकांना धरून असतात. उष्णता दिली की त्यांची चुळबुळ सुरू होते. आणखी दिली की ते हात सोडून सुटतात, तीच वाफ. मोकळ्यावर पेलाभर पाण्याच्या वाफेला सोळाशेच्या वर पेल्यांची जागा लागते. ती न देता वाफ कोंडून धरली, तर ती भिंतींना धडका मारते. त्या धडका दट्ट्यावर (नळीत पुढेमागे सरकणारा दांडा) घ्यायच्या, की चाक फिरतं.

एवढ्यात वाफेच्या दाबाचा काटा चढला आणि गाडी जराही आवाज न करता फाटकाबाहेर पडली. मागे वाफेचा पांढराशुभ्र तुरा निघाला. आबांनी तो आरशात पाहून मिशीवर हात फिरवला.

भिंगरीचं काम होतं पाण्याच्या काचनळीवर लक्ष ठेवायचं. पाणी भराभर उतरत होतं. दर वळणावर ती काच बघे, पेटी चाचपे, पुन्हा काच बघे. शेवटी तिने आबांना विचारलंच, की एवढं पाणी जातं कुठे. आबा हसून म्हणाले, मागे बघ, तो तुरा दिसतो ना, ते आपलं पाणी. घाटाखाली गुरांचा हौद आहे, तिथे टाकी भरू, दरवेळी भरतो.

हौद आला. आबा बादली घेऊन उतरले आणि तसेच उभे राहिले. हौद ठणठणीत कोरडा होता आणि आतून पांढराफेक. कडेला लिंबाखाली बसलेले तात्या, हौदाची राखण करणारे, त्यांना सांगू लागले, की गुरांची लाळ पाण्यात मिसळून रोग पसरतो, म्हणून कालच रिकामा करून चुना मारला. वीज नाही, तेव्हा बोअरवरची मोटरही बंद. वर पेटीकडे बघत तात्या म्हणाले, “लस न्यायला निघालात, मग तुम्हाला तरी हे कळायला हवं.”

एकदम भिंगरीच्या डोक्यात काहीतरी लखकन चमकलं.

“आबा, त्या अमेरिकेतल्या गाड्या घोड्यांच्या हौदातलं पाणी प्यायच्या! रोग पसरू नये म्हणून हौद बंद केले, म्हणून गाड्या अडल्या. आपल्यासारख्याच.”

कोडं सुटलं होतं, पण गाडी तिथेच होती. आबा पायरीवर बसले. भिंगरीला बसवेना. तिने विचारलं, मग त्या भावांनी काय केलं? आबा खाली मान घालून म्हणाले, की त्यांनी पुढे गाडीला संघनक (वाफ थंड करून पुन्हा पाणी करणारी पेटी) बसवला. वाफ हवेत सोडायची नाही, नळ्यांतून फिरवायची. वाऱ्याने नळ्या गार होतात, कणांची धावपळ शमते, ते पुन्हा हातात हात घालतात, आणि तेच पाणी पुन्हा टाकीत.

“तुम्हाला ठाऊक होतं, मग तुम्ही का नाही बसवला?”

“तुरा दिसला नसता,” आबा पुटपुटले.

भिंगरी भयंकर रागावली. पेटीतला बर्फ वितळत होता, चांदणी तिकडे वाट पाहत होती, आणि आबांना तुऱ्याची हौस! पण रुसून बसायला वेळ कुठला? ती हौदाभोवती फिरली, लिंबामागे गेली, आणि तिथूनच ओरडली. तिथे एक जुनापुराणा डिझेल ट्रॅक्टर मातीत रुतून पडला होता. त्याच्या सीटवर तात्यांची कोंबडी अंड्यांवर बसली होती. भिंगरीचं बोट मात्र पुढच्या जाळीकडे होतं. तात्यांनी मोठ्या मिनतवारीने कोंबडी टोपलीत घातली आणि आबांनी ट्रॅक्टरचा रेडिएटर (इंजिनाचं पाणी वाऱ्याने गार करणारी नळ्यांची जाळी) खोलला.

रेडिएटर गाडीच्या तोंडाशी दोरांनी बांधला. बाहेर जाणाऱ्या वाफेला रबरी नळीने त्यात वळवलं. तात्यांच्या घरून पिण्याच्या पाण्याचे दोन हंडे मिळाले, ते टाकीत ओतले. एरवी तेवढ्या पाण्यात घाटसुद्धा चढता आला नसता.

आबा अजून अडखळत होते. दट्ट्याला घातलेलं तेल वाफेबरोबर येतं, ते बाष्पकात गेलं तर नळ्यांना चिकटून करपणार. गाळायचं कशाने?

“गाळायचं कशाला?” भिंगरी म्हणाली. “मटणाच्या रश्श्यावर तर्री असते ना? खालचा रस्सा हवा असेल तर आई पळी तळाशी घालते.”

आबांनी तिच्याकडे पाहिलं आणि रिकामा झालेला एक हंडा रेडिएटर आणि टाकीच्या मध्ये बसवला. परतलेलं पाणी आधी हंड्यात पडणार, तेल वर तरंगणार, आणि टाकीकडे जाणारी नळी तळातून पाणी ओढणार.

गाडी घाट चढू लागली. भिंगरी एकदा पुढे बघे, एकदा मागे. तुरा बारीक होत गेला आणि माथ्यावर पोचेपर्यंत दिसेनासा झाला. हंड्यात टपटप आवाज सुरू होता. काचेतलं पाणी उतरत होतं, पण अगदी हळू, हट्टी पोर अंथरुणाकडे जातं तसं. आबांनी आरशात बघायचं सोडून दिलं होतं.

छावणी दिसली तेव्हा सूर्य टेकत आला होता. पेटी उघडली, बर्फाचा बोटभर तुकडा शिल्लक होता. छावणीच्या डॉक्टरांनी लगेच सुया भरल्या. चांदणीची पाळी आली तेव्हा भिंगरी तिच्या गळ्यात हात घालून उभी राहिली. सुई टोचली, चांदणीने पाय आपटला आणि भिंगरीलाच रडू कोसळलं.

नंतर चांदणी आबांजवळच खाली बसली, तिला भिंगरी टेकली. आबा आकाशाकडे बघत होते. दूरच्या लघुग्रहांवर बर्फ आहे म्हणे, ते सांगू लागले. तोच खणायचा, उन्हाने त्याची वाफ करायची, आणि वाफेच्या जोरावर यान पुढच्या लघुग्रहाकडे उडवायचं, अशी कल्पना लोक कधीपासून मांडतात. तिथे वाटेत हौद नाहीत, तेव्हा थेंबाथेंबाचा विचार करणारी माणसं लागतील.

“आणि एका जागी न बसणारी,” भिंगरी म्हणाली.

“ती तर लागतीलच. पाणी शांत बसलं असतं तर आपण म्हसवडलाच बसलो असतो.”

थोड्या वेळाने आबांनी वळून पाहिलं. कधी नव्हे ती भिंगरी एका जागी होती, चांदणीच्या पोटाला डोकं टेकून गाढ झोपलेली.