तिघांचं वजन

अंधेरीच्या एमआयडीसीत माझा गाळा आहे. डिझेल इंजिनं उघडायची, दुरुस्त करायची, परत जाग्यावर बसवायची, एवढंच काम. गेल्या वीस वर्षांत निम्मी गिऱ्हाइकं वर्सोव्याचे होडीवाले झाले, त्यामुळे कोळीवाड्यात जाणं-येणं वाढलं. धूर काळा आला तर एक कारण, पांढरा आला तर दुसरं, इतक्या साध्या हिशेबावर माझं घर चालतं. माझ्यासारख्या माणसाने हे सांगावं हे मलाच विचित्र वाटतं, पण त्या होडीत मी होतो.

दोन हजार चोवीसचा सव्वीस नोव्हेंबर होता, मंगळवार. अनंता कोळ्याच्या होडीचा डिझेल पंप मी आदल्या दिवशी बसवला होता आणि समुद्रात नेऊन इंजिन चालवून बघायचं होतं. अनंता साठीचा, स्वतःच्या होडीचा तांडेल, म्हणजे कप्तान. त्याच्याबरोबर त्याचा मेहुणा धोंडू खलाशी म्हणून असतो. अनंताची बायको अंजनाबाई सात बंगल्याच्या बाजारात मासे विकते. दुरुस्तीनंतर दोन पापलेटं माझ्या पिशवीत घातल्याशिवाय ती मला सोडत नाही.

सकाळी धक्क्यावर मंडळाने छोटा मांडव घातला होता. दोन हजार आठच्या हल्ल्यात गेलेल्यांचे फोटो, समोर हार, समया. दोन मिनिटं सगळे उभे राहिले. मग एक पोलीस अधिकारी बोलले. हल्लेखोर समुद्रातून आले होते, तेव्हा शहराचे पहिले डोळे तुम्ही आहात, असं म्हणाले. अनोळखी होडी दिसली तर जवळ जाऊ नका, मदत मागत असली तरी जाऊ नका, आधी कळवा. लोकांनी माना डोलावल्या. अनंता मात्र मधेच निघाला आणि होडीवर जाऊन बसला. मीही मागोमाग गेलो.

खाडीच्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत तो त्याच विषयावर बोलत होता. त्याच्या बापाला एकदा वादळात गुजरातच्या होडीने उचलून आणलं होतं. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. पाण्यात कोणी हात वर केला की होडी वळवायची, एवढंच लहानपणापासून माहीत होतं. दोन हजार आठनंतर ते बदललं. ओळखीची कार्डं आली, होड्यांना नंबर आले, येता-जाता तपासण्या आल्या. त्याची तक्रार त्याबद्दल नव्हती. तो म्हणाला, आमची नजरच फिरली. होडी दिसली की पहिल्यांदा नंबर बघतो, माणूस नंतर.

घाटकोपरला आमच्या सोसायटीत एका भाडेकरूच्या नावावरून तीन मीटिंगा झाल्या होत्या. शेवटच्या मीटिंगमध्ये त्याला काढायचं म्हणून हात वर करणाऱ्यांत मीही होतो. त्या माणसाचं सामान टेम्पोत चढवताना त्याच्या मुलीने मला काका म्हणून हाक मारली होती.

तास-दीड तासाने किनाऱ्यावरच्या इमारती धुरकट झाल्या. वारा नव्हता. पाणी तेल सांडल्यासारखं सपाट. इंजिन मिनिटाला सोळाशे फेऱ्यांवर झकास चाललं होतं, धूर जवळजवळ नव्हताच. फिल्टरमध्ये पाणी साचलंय का ते बघण्यासाठी मी इंजिन बंद करायला सांगितलं.

अनंता म्हणाला, "इथं नको. जरा पुढं जाऊन कर."

मी कारण विचारलं. त्याने इंजिन बंद केलं. धोंडू न सांगता उठला आणि पश्चिमेकडे पाठ करून बसला. मग उगाचच जाळ्याचे धागे चाचपू लागला.

फिल्टर स्वच्छ होता. मी पाना ठेवत होतो तेव्हा पहिल्यांदा आवाज आला. लांबून, एकसारखा, मधे थांबून पुन्हा. पक्षी असेल असं वाटलं. पण पक्षी इतका वेळ एकाच ठिकाणाहून ओरडत नाही. मी धोंडूकडे बघितलं. त्याचे हात थांबले होते.

धुरक्यातून एक लहान होडी दिसली. वल्ह्याची, रंग उडालेली. कुठेही नंबर नव्हता. तीन माणसं होती. दोघं बसलेली, एक उभा. उभ्याच्या हातात कापड होतं आणि तो ते वर-खाली करत होता. घाईने नाही. हात कधीचा थकलाय पण थांबायचं विसरलाय, तसा.

मी म्हणालो, अनंतादादा, तिथे माणसं आहेत.

तो सुकाणूपाशी उभा होता. त्याने तिकडे बघितलंच नाही.

"तुना पन दिसतात?" त्याने विचारलं.

मग त्याने सांगितलं, माझ्याकडे न बघता. हल्ल्यानंतर अकराव्या दिवशी तो याच जागी होता. हीच होडी, हेच तिघं, हेच कापड. अंतर चाळीस-पन्नास वाव, म्हणजे ऐंशी-नव्वद मीटर असेल. हल्लेखोरांनी येताना समुद्रात एका तांडेलाला मारलं होतं, ते सगळ्या कोळीवाड्याला तोंडपाठ होतं. होडीवर नंबर नव्हता. त्याने सुकाणू फिरवलं आणि पूर्ण वेगाने घरी आला. धोंडू बरोबर होता. पोलिसांना कळवलं नाही, कारण तेव्हा तोंड उघडणाऱ्याला चौकीवर दिवस दिवस बसवून ठेवत. पुढे कित्येक महिने तो प्रत्येक बंदरावर विचारत फिरला. कुठलीच होडी हरवली नव्हती. कुठलीच माणसं बेपत्ता नव्हती. पुढच्या वर्षी ती परत दिसली. मग दरवर्षी, याच दिवसांत. दरवर्षी तो वळून घरी आला.

"पयल्यांदा लांब होती," तो म्हणाला. "आता बग किती जवळ आलीय."

मी वायरलेसवर कळवू या म्हणालो. काय कळवणार, असं त्याने विचारलं. भर उन्हात साडेअकरा वाजता माझ्या मानेवर काटा आला होता, आणि खरं सांगायचं तर मलाही वळून जावंसं वाटत होतं. होडीवर नंबर नव्हता. मीही आधी तेच बघितलं होतं.

मला काका म्हणणारी ती मुलगी का आठवली ते ठाऊक नाही.

मी म्हणालो, "दादा, सोळा वर्षं झाली. दोर टाक."

धोंडू पहिल्यांदाच बोलला. "नको," म्हणाला. एवढंच.

अनंताने दोराचं वेटोळं उचललं, होडीच्या कडेशी गेला आणि जोर लावून फेकलं.

दोर पाण्यावर लांब पसरला. ती होडी अजून त्याच्या आवाक्याबाहेर होती. त्याच वेळी पाण्यावरून उन्हाची तिरीप डोळ्यांत आली आणि मी क्षणभर मान फिरवली.

परत बघितलं तर होडी नव्हती. हाक थांबली होती. पाणी सपाट.

दोर मात्र ताणलेला होता.

अनंताच्या दंडाच्या शिरा फुगल्या. तो खेचू लागला. दोर हळूहळू येत होता, पाणी गाळत. टोक आलं. टोकाला काही नव्हतं.

आमची होडी एका बाजूला कलली. मग सरळ झाली.

माणूस कडेवर हात टेकून वर चढतो तेव्हा कलते तशी.

पुन्हा कलली. सरळ झाली.

तिसऱ्यांदा कलली, आणि या वेळी कडेची फळी ओली झाली. फळीवर पाण्याचा डाग पसरत गेला आणि दोन तळहातांएवढा होऊन थांबला.

धोंडूने डोळे मिटून घेतले होते.

अनंता म्हणाला, "चल."

परतीचा प्रवास मी इंजिनाकडे बघत केला, कारण दुसरीकडे बघायची हिंमत नव्हती. तेवढ्याच थ्रॉटलला फेऱ्या साडेतेराशेच्या वर जाईनात. धूर काळा पडला, तापमान चढलं. इंजिनावर वजन आलं की असंच होतं. पाणी आत शिरलंय का म्हणून मी तळाची फळी उचलली. कोरडं. मग वाकून बाहेर बघितलं. होडी सकाळपेक्षा चार बोटं खोल बसली होती. चारपाचशे लिटरची बर्फाची पेटी रिकामी, जाळं टाकलेलं नाही, मासा एक नाही. पुढच्या आठवड्यात मी तो पंप परत खोलून तपासला. त्यात काहीही दोष नव्हता.

आम्ही तिघेही सुकाणूपाशी, एकमेकांना खेटून बसलो होतो. बाकीची होडी मोकळी होती. तिथून ओल्या कापडाचा वास येत होता.

धक्का आला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. मांडव सोडत होते, फोटो एकावर एक रचून टेम्पोत ठेवत होते. अंजनाबाई पायऱ्यांवर उभी होती. उशीर झाला म्हणून बाजारातून थेट आली होती, रिकामी पाटी काखेत. तिला अनंताने यातलं कधीच काही सांगितलेलं नव्हतं. सोळा वर्षांत एक शब्दही नाही, हे त्याने मला नंतर शपथेवर सांगितलं.

धोंडू आधी उतरला, मग मी, शेवटी अनंता. मागे न बघता आम्ही पायऱ्या चढलो.

अंजनाबाई काही विचारणार होती. तोंड उघडलं आणि ती थांबली. तिची नजर नवऱ्यावरून माझ्यावर आली आणि मग आम्हा तिघांच्या मागे, खालच्या पायरीवर गेली. चेहऱ्यावर भीती नव्हती. दारात अचानक पाहुणे आले की बाईमाणूस जसं गोंधळतं, तेवढंच. तिने पाटी खाली ठेवली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि अनंताच्या जवळ येऊन हळूच विचारलं,

"पानी तरी दिलं का यांना?"