मनगटावरची गुदगुली

घरात शांतता नांदली तर वामनराव ठोसरांच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या: कूलरसमोरची जागा, दुपारची सलग झोप आणि बायको-सुनेच्या खटल्यांतल्या न्यायाधीशपदावरून निवृत्ती. तोटा काहीच दिसत नव्हता. म्हणून त्यांनी भिंतीवर भांडणं टाळणारा ‘निवारक’ बसवून घेतला.

अकोल्यात आता दर उन्हाळ्यात पंचेचाळीस दिवसांची उष्मबंदी असे. सकाळी आठनंतर कुणी उंबरठा ओलांडायचा नाही. गेल्या वर्षी दोन खोल्यांत चार माणसं इतकी भांडली, की मुलगा श्रीरंग म्हणाला होता, “पुन्हा असंच झालं, तर आम्ही दुसरीकडे घर बघू.”

निवारक प्रत्येकाच्या मनगटी पट्ट्यातून नाडी मोजायचा, आवाजाचा चढउतार ऐकायचा. वादाची चाहूल लागली, की दोघांपैकी एकाच्याच मनगटाला गुदगुली. ज्याला झाली त्याने विषय सोडायचा. दुसऱ्याला पत्ता लागायचा नाही.

बत्तीस दिवस भांडण नाही. वामनराव निवांत घोरत होते. त्यांच्या पत्नी अनसूयाबाईंची जीभ गल्लीत प्रसिद्ध. त्यासुद्धा “बरं” म्हणून देवघराकडे वळत. “सासूबाई निवळल्या गं,” सून केतकी माहेरी फोनवर सांगे.

तेहेतिसाव्या दिवशी कुरडयांचा घाट घातला. केतकीने गव्हाचा चीक पातेल्यातल्या पाण्यात ओतला, ढवळू लागली. अनसूयाबाई शेजारीच बसल्या होत्या. चिकाच्या गाठीच गाठी झाल्या. सोऱ्यातून कुरडई उतरेचना.

“आई, तुम्ही बघत होतात ना?”

“बघत होते की. पाण्याला आधण आलंच नव्हतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तोंड उघडलं न् पट्टा वळवळला.” अनसूयाबाई मनगट चोळत म्हणाल्या, “मी ओरडले, की तुम्ही घर बघायला निघता. त्यापेक्षा गाठी परवडल्या.”

केतकी उठून निवारकापुढे उभी राहिली. “कुणाला किती इशारे दिलेस?”

“एकूण दोनशे एकतीस. अनसूयाबाईंना दोनशे नऊ.”

“म्हणजे आईच भांडकुदळ!” श्रीरंग हसला.

“नाही,” निवारक म्हणाला. “पहिल्या आठवड्यात त्या सर्वांत लवकर थांबल्या. जो लवकर थांबतो, त्याला थांबवणं सोपं.”

श्रीरंगचं हसू मावळलं. केतकीने सासूच्या मनगटावरचा पट्टा सोडला, नवं पाणी चुलीवर ठेवलं.

“आता बोला.”

“बोलू? पळी अशी धरतात होय? माहेरी काही शिकवलं का नाही?”

“आमच्या माहेरी कुरडया विकत आणतात!”

“तरीच!”

वामनराव दचकून जागे झाले. दोघी त्यांच्याकडेच बघत होत्या, निवाड्यासाठी. निवारकाचा निळा दिवा लुकलुकू लागला. वामनराव उठले आणि त्यांनी तो बंद केला.

बत्तीस शांत दिवसांत झोप मिळाली वामनरावांना, निर्धास्तपणा श्रीरंगला, माहेरी मिरवायला सासू केतकीला. दोनशे नऊ वेळा शब्द गिळले ते एकट्या अनसूयाबाईंनी. उरलेल्या तेरा दिवसांत त्या ते सगळे वसूल करतील ना?