चौथ्या डब्यातली चिठ्ठी

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलंय, आणि मामांना आयुष्यात कधी थाप मारता आली नाही. आली असती तर त्यांचं एवढं वाईट झालं नसतं.

साल १९६६. चैत्रातला रविवार. सांगली, विश्रामबाग.

रात्र नव्हती हं. भर दुपारचे बारा वाजले होते.

सोपानमामा सुतारकाम करायचे. एकट्याची खोली, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली हत्यारांची पेटी. आमच्या घराण्यात सही करणारे ते पहिलेच. त्यांच्या आधी सगळ्यांचा अंगठाच.

चिंतामण मास्तर साताऱ्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. पूर्वी सांगलीला होते, तेव्हाची त्यांची मामांशी ओळख. त्यांच्या मेहुण्याने विलायतेहून एक खोका पाठवला होता. आत सुट्ट्या भागांची छोटी आगगाडी. पुठ्ठ्याच्या बाजू, लाकडी छपरं, शिशाची चाकं, सगळं आपणच जोडायचं. मापही आडनिडं, खऱ्या गाडीच्या एका फुटाला तीन मिलिमीटर. त्या मापाची गाडी फारसं कोणी बांधत नसे, त्यामुळे एखादा भाग हरवला तर मुंबईतही मिळायचा नाही.

मास्तरांना सोबतचा इंग्रजी कागद वाचता यायचा, पण बारीक कामाला हात थरथरायचा. मामांना इंग्रजी येत नव्हतं, हातात मात्र जादू होती. चार वर्षांत मामांनी इंजिन आणि तीन डबे उभे केले; एकेक पुरं झालं की मास्तर येऊन साताऱ्याला घेऊन जायचे. चौथ्याचं एक चाक हरवलं, तर ते नारळाच्या करवंटीतून कोरलं.

मास्तरांनीच एक रीत घालून दिली होती. छप्पर चिकटवण्याआधी प्रत्येक डब्यात एक चिठ्ठी ठेवायची. वर मास्तरांची सही, खाली मामांची.

"सोपान, गाडी दोघांची. वरून कुणाला दिसणार नाही, पण आत नाव राहील."

एवढ्यानं मामांना आभाळ ठेंगणं झालं होतं.

त्या रविवारी चौथा डबा पुरा झाला. मास्तरांनी सही करून पोस्टाने पाठवलेली चिठ्ठी मामांनी पुढ्यात घेतली. खाली सावकाश आपलं नाव लिहिलं, चिठ्ठी आत ठेवली, छपराला सरस लावला आणि वरून दोरा आवळला. मामा डावखुरे. त्यांची गाठ उलटी बसायची, दुसऱ्या कुणाला तशी जमायची नाही.

मान वर केली तर...

दारात मास्तर उभे.

मास्तरांच्या वहाणा लय करकरायच्या. गल्लीच्या तोंडाशी आले की घरात कळायचं.

त्या दिवशी... काहीच वाजलं नव्हतं.

"आवं मास्तर! कळवलं न्हाई? या की आत, पाणी देतो."

मास्तर उंबऱ्याबाहेरच थांबले.

"डबा दे, सोपान."

"सरस वला हाय अजून. उद्या न्या की."

"आज हवा."

मामांनी डबा दिला. देताना बोटाला बोट लागलं... टळटळीत उन्हातून आलेल्या माणसाचं बोट माठासारखं गार होतं.

मामा पाण्याचा तांब्या भरून वळले.

दारात कोणी नव्हतं.

बाहेर येऊन बघितलं. गल्ली सरळ, लांबलचक. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं ऊन.

मामांना काळजी एकच... मास्तर घाईने दोरा सोडतील आणि छप्पर वाकडं होईल. म्हणून मंगळवारी एसटी धरून ते साताऱ्याला गेले.

दार मास्तरांच्या बायकोने, गोदावरीबाईंनी उघडलं. कपाळ मोकळं होतं.

"रविवारी सकाळी नऊला गेले. छातीत कळ आली, तेवढंच निमित्त."

"बाराला तर माझ्या दारात व्हते, वैनी..."

बाई बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही कोण?"

चार वर्षं. आणि या माणसाने घरात नाव म्हणून काढलं नव्हतं!

काचेच्या कपाटात गाडी होती. पुढे पाटी... 'निर्मिती: चिंतामण मास्तर. प्रदर्शनात प्रथम क्रमांक.' प्रदर्शनाचं मामांना कोणी सांगितलंसुद्धा नव्हतं.

गाडीच्या शेवटी चौथा डबा जोडलेला. करवंटीचं चाक. वर दोरा, तसाच.

"हा डबा कुठून आला, कळत नाही," बाई म्हणाल्या. "कपाटाला कुलूप होतं, किल्ली माझ्या कमरेला. सोमवारी बघते तर..."

पहिल्या तीन डब्यांची छपरं कडेला उचकटून पुन्हा चिकटवलेली दिसत होती. मामांनी बाईंना विचारून ती उघडली. चिठ्ठ्या होत्या. तिन्ही अर्ध्या. खालचा भाग कात्रीने कापलेला.

केसाने गळा कापला होता मास्तरांनी.

मग चौथा.

गाठ मामांचीच, उलटी. कोणी हात लावलेला नव्हता. मामांनी दोरा सोडला.

छप्पर उघडलं...

चिठ्ठी अख्खी होती. वर मास्तरांची सही. खाली...

खाली कोरा कागद. टाकाचा ओरखडासुद्धा नाही.

मामा म्हणतात, "मेल्यालं माणूस माफी मागाया येतं म्हन्त्यात. माझं आलं ते माझं नाव पुसाया."

ती चिठ्ठी अजून त्यांच्या पत्र्याच्या डब्यात आहे. मी पाहिली आहे.

आता मामा ऐंशीच्या पुढे आहेत. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. पण कुठल्याही कागदावर सही केली की दुसऱ्या दिवशी मला बोलावतात.

"वाच बरं. हाय का माझं नाव?"

मी वाचतो. आहे म्हणतो. ते निवांत होतात.

गेल्या चैत्रात रेशनच्या अर्जावर त्यांनी माझ्यासमोर सही केली. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला अर्ज माझ्या हातात दिला.

"हाय का रं?"

मी कागद उजेडात धरला. उलटा केला. पुन्हा सुलटा केला...

"आहे, मामा," मी म्हटलं.

मास्तरांकडे बघायचे, तसंच माझ्याकडेही त्यांनी विश्वासानं बघितलं.