तायारचा चौथा प्रश्न

नवऱ्याचं, सारंगनचं, उपरणं पिळताना पद्मासनीच्या बोटाला टाके लागले. परवा तो घरातून निघाला तेव्हा ते काठाशी फाटलेलं होतं. परत आलं ते शिवून, निळ्या दोऱ्यानं, अगदी बारीक टाक्यांत. पद्मासनी शाळेत गणित शिकवायची, पुराव्याशिवाय बोलायची नाही. आता पुरावा हातात होता.

कावेरीकाठच्या त्या देवळातले पेरुमाळ, म्हणजे विष्णू, वर्षातून एक दिवस नदीपलीकडच्या धाकट्या राणीकडे मुक्कामाला जातात. पालखीबरोबर सारंगनही जायचा आणि उतरायचा फूलवाल्या अंबुजमच्या ओसरीवर. हार गुंफणाऱ्या बोटांना टाके जमायचेच!

उपरणं तसंच दोरीवर टाकून ती देवळात गेली. तायारपुढे, पेरुमाळांच्या थोरल्या राणीपुढे, उभी राहिली आणि मनात म्हणाली, "आज तू तुझ्या नवऱ्याला विचारशीलच. माझ्यालाही विचार."

परतलेल्या पेरुमाळांवर तायार रुसते, दार लावून घेते. दाराआडून म्हातारे नंबीमामा तिच्या वतीनं ताडपत्रातले तीन प्रश्न विचारतात, बाहेरून सारंगन पेरुमाळांच्या वतीनं उत्तरं देतो. पिढ्यान् पिढ्या हेच भांडण, आणि लोक दरवर्षी नव्यानं हसतात.

"काय मामी," शेजारची कुमुदवल्ली म्हणाली, "पेरुमाळ आले, आमचे सारंगनअण्णाही आले. तुम्ही दार लावलंत की नाही?"

"आमच्या दाराची कडी मोडलीय," पद्मासनी म्हणाली.

आतून प्रश्न आला, "डोळे लाल का?"

"प्रजेच्या काळजीनं झोप नाही," सारंगन म्हणाला.

"केस का विस्कटले?"

"घोडा दौडवला, वारा लागला."

"ओठ का सुकले?"

"शंख फुंकून फुंकून."

हशा पिकला. इथं ठरलेली शपथ घेतली की भांडण मिटायचं. वाजंत्र्यांनी नादस्वरम् उचलले.

"उपरण्याला निळ्या दोऱ्याचे टाके कुणी घातले?"

आवाज नंबीमामांचाच होता, फक्त त्यात त्यांचा नेहमीचा खोकला नव्हता. यंदा मामांनी भर घातली म्हणून लोक आणखीच हसले. पद्मासनीला हसू आलं नाही. सारंगनच्या अंगावर आज कोरं रेशीम होतं. टाके घातलेलं उपरणं तिच्या अंगणात ओलं लोंबत होतं.

सारंगनचा चेहरा उतरला. मग तो घाईघाईनं ठरलेल्या शपथेवर आला. "परक्या कुणाचा हात लागलेला नाही! खोटं असेल तर उकळत्या तुपात हात घालतो. सापाच्या घागरीत हात घालतो!"

"बरं," आतून आलं. दार उघडलं.

नंबीमामा खोकत बाहेर आले. "तिसऱ्या प्रश्नानंतर एवढं काय हसलात गं?" त्यांनी पद्मासनीला विचारलं. "मी तर पोथी बांधून बसलो होतो."

दुपारी पानावर बसून सारंगनला भात कालवता येईना. त्याचा उजवा हात मनगटापर्यंत फोडांनी भरला होता.

"कशानं भाजलं?"

"कुणास ठाऊक. देवळातून निघालो तेव्हापासून आग होतेय."

खोलीत कढलेल्या तुपाचा वास होता. घरातलं तूप चार दिवसांपूर्वीच संपलं होतं.

"अहो, खरं सांगा. टाके कुणी घातले?"

"मीच घातले. आता तू नको सुरू होऊस."

त्याचा चष्मा तीन दिवस इथेच कोनाड्यात पडून होता. चष्म्याशिवाय त्याला सुईचं भोकही दिसायचं नाही.

ती स्वयंपाकघरात गेली.

पाण्याच्या घागरीवरचं ताट हललं.

जरा उचललं गेलं, पुन्हा बसलं. आत काहीतरी जड, सावकाश कूस बदलत होतं.

मागून सारंगन आला. "घसा कोरडा पडलाय गं. पाणी घेतो."

भाजलेला हात छातीशी धरून तो घागरीपाशी वाकला आणि कुठल्या हातानं घ्यावं म्हणून अडखळला.

"डाव्या हातानं घ्या," पद्मासनी म्हणाली. "आज चालतं."