यादीतलं शेवटचं नाव

अमरावतीच्या बसथांब्यावरची पाटी रोहिणी सोनटक्केला तिच्या स्मार्ट चष्म्यातून मराठीत दिसत होती आणि शेजारच्या तामीळ कुटुंबाला तामिळीत. ज्याचा चष्मा, त्याची लिपी. जगातले चारशे बारा मुक्त फॉन्ट, म्हणजे कुणीही विनामूल्य वापरावेत, बदलावेत असे अक्षरसंच, एकत्र जोडून रोहिणीच्या गटाने 'सर्वलिपी' तयार केली होती. सोमवारी प्रत्येक पडद्याने जुने फॉन्ट पुसून तीच घेतली. तेव्हापासून रोहिणीचे पाय जमिनीवर नव्हते.

तेवढ्यात मेळघाटातून सुंदाचा फोन आला.

"मॅडम, बुढी दोन दिसापासून जेवली नाही. बुढ्याच्या गोष्टीत मोटारी आल्या म्हणते."

काय झालं असणार, ते रोहिणीच्या लगेच लक्षात आलं.

बारा वर्षांपूर्वी सुंदाच्या सासऱ्यांजवळ, मुंगाबाबांजवळ बसून तिने त्यांच्या टेकमी बोलीसाठी अकरा नवी अक्षरं काढली होती. ते उच्चार देवनागरीत नव्हते. संगणकात प्रत्येक अक्षराचा क्रमांकाचा कप्पा ठरलेला असतो. एवढ्याशा बोलीला तो कोण देणार? म्हणून तिने कुणाच्याच नावावर नसलेले कप्पे वापरले. त्या अक्षरांत बाबांनी साठ गोष्टी लिहिल्या आणि ते गेले. त्यांची बायको फुलकाई आता ठार बहिरी. टेकमी बोलणारं दुसरं कुणी उरलंच नव्हतं. घरातल्या पडद्याच्या पाटीवर त्या गोष्टी वाचणं, एवढंच तिचं नवऱ्याशी बोलणं.

तेच मोकळे कप्पे वाहतूक-चिन्हांच्या एका फॉन्टनेही वापरले होते. अशी टक्कर झाली की यादीत जो आधी, त्याचं चिन्ह यंत्र ठेवतं. यादी रोहिणीनेच लावली होती. पंगतीत पाहुण्यांना आधी वाढावं, तसे तिने इतरांचे फॉन्ट वर घेतले आणि स्वतःचा सगळ्यांत खाली ठेवला. तेव्हा तिला त्याचं बरंही वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती गावात पोहोचली. पाटीवर बाबांच्या शब्दाशब्दांत बस, पेट्रोल पंप, उजवीकडे वळा. पाटी दुसरा फॉन्ट घेईना. दुरुस्तीला 'सर्वलिपी'च्या मंडळाची मंजुरी हवी, म्हणजे वर्ष गेलं. रोहिणीने कधीच जाळ्याला न जोडलेला आपला जुना लॅपटॉप उघडला. त्यात ती अकरा अक्षरं जिवंत होती, पण बॅटरी अर्धा तासही टिकत नव्हती. मग ओसरीवर बसून ती बाबांची गोष्ट वहीत हाताने उतरवू लागली.

फुलकाईने ओल्या शाईवरून बोट फिरवलं. ओठ हलले. ती हसली आणि मग पदर तोंडाशी धरून रडली. रोहिणीलाही रडू आवरेना.

"माझं चुकलं, आजी," ती म्हणाली. फुलकाईला ऐकू आलं नाही, पण कळलं.

"माह्या घरी सुंदा होती, पोरी. तिनं तुले फोन केला," म्हातारी म्हणाली. "ज्याच्या घरी कोणीच नाही, त्यानं काय करावं?"

रोहिणीची लेखणी थांबली. जोडणीच्या अहवालात शेवटी एक ओळ होती, तिने सही करण्याआधी वाचलेली: टकरी एकोणीसशे सहा, सर्व मिटल्या. म्हणजे तितकी कुणाकुणाची अक्षरं पुसली गेली होती. त्यांतली अकरा इथे, या ओसरीवर होती. फोन आजवर एकच आला होता.

बाकीचे गप्प का होते?